सीमेवरचा दवाखाना : मुधोळच्या नेत्रकेंद्राची वाटचाल

नांदेडहून निजामाबादकडे निघालेली गाडी उमरी, धर्माबाद मागं टाकून तेलंगणात शिरते आणि बासरला थांबते. मराठवाड्यातली कितीतरी घरं लेकरांना अक्षरओळख करून द्यायला बासरच्या सरस्वतीला जातात. तिथून भैंशाच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मुधोळ लागतं. आपल्याकडे मुधोळ म्हटलं की घोरपड्यांचं संस्थान आठवतं, पण ते कर्नाटकातलं. हे मुधोळ आज निर्मल जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. इथल्या बाजारात तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. या गावात 1996 साली डोळ्यांचं एक केंद्र सुरू झालं : भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र. ते हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं ग्रामीण भागात काढलेलं पहिलं दुय्यम केंद्र.

या केंद्राची वाटचाल नांदेड-लातूरच्या वाचकांनी समजून घ्यावी, याला एक जुनं कारणही आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ हा निजामी हैदराबादच्या नांदेड जिल्ह्यातलाच तालुका होता. भाषावार सीमा आखल्या गेल्या तेव्हा तो आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आंध्र प्रदेशात गेला. 2014 मध्ये तेलंगण झालं आणि 2016 मध्ये निर्मल हा वेगळा जिल्हा निघाला. साठ वर्षांत गावाचा जिल्हा दोनदा बदलला, राज्यही बदलत गेलं. सोयरीक, शेती आणि बाजार मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिले. धर्माबाद, उमरी, भोकरकडच्या माणसाला मुधोळ आजही हैदराबादपेक्षा कितीतरी जवळ आहे.

शिबिरांचा काळ

केंद्र निघण्याआधी या पट्ट्यात डोळ्याच्या ऑपरेशनचे दोनच मार्ग होते. ऐपत असेल तर रेल्वेनं हैदराबाद गाठायचं. तिथलं सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ठाऊक होतं. नाहीतर शिबिराची वाट पाहायची. शिबिरं बहुधा थंडीत भरत. सुगी उरकलेली असे, हातात चार पैसे असत आणि ‘मोतीबिंदू हिवाळ्यातच काढावा’ हा समज पक्का होता. शाळेच्या किंवा धर्मशाळेच्या खोल्या रिकाम्या करून खाटा, सतरंज्या टाकल्या जात. डॉक्टर येत, दोन-तीन दिवसांत ऑपरेशनं उरकत आणि पुढच्या गावाला निघत.

त्या काळी मोतीबिंदू झालेलं नैसर्गिक भिंग त्याच्या पिशवीसकट संपूर्ण बाहेर काढत. जखम मोठी असे. रुग्णाला कित्येक दिवस उताणं पडून राहावं लागे, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. डोळ्यात दुसरं भिंग बसवलेलं नसल्यामुळं पुढं जन्मभर जाड काचेचा, दहा नंबरच्या आसपासचा चष्मा लागे. त्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ दिसत, कडेचं दिसत नसे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. नवा करून देणारा तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नव्हतं.

शिबिरांनी लाखो लोकांना दृष्टी दिली, हे खरं. केंद्र सरकारनं 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा भर मुख्यतः याच मार्गावर होता. पण शिबिर उठल्यावर डोळा लाल झाला, दुखू लागला, तर दाखवायचं कुणाला, याला उत्तर नव्हतं. मुधोळच्या केंद्राचा विचार इथून सुरू होतो.

हैदराबादची सुरुवात

मूळ संस्था उभी राहिली ती दोन माणसांमुळं. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव अमेरिकेत रॉचेस्टरला नेत्रतज्ज्ञ म्हणून स्थिरावले होते. 1986 मध्ये ते कायमचे परतले. दुसरे एल. व्ही. प्रसाद, ‘आलम आरा’त छोटी भूमिका केलेले आणि पुढं ‘मिलन’, ‘एक दूजे के लिए’ अशा चित्रपटांचे निर्माते झालेले. 1982 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांचा. त्यांनी बंजारा हिल्समधली पाच एकर जागा आणि एक कोटी रुपये दिले. 1987 मध्ये संस्थेचं काम सुरू झालं.

पैशाचा मेळ पहिल्यापासून ठरलेला होता : ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यायचे, त्यातून न परवडणाऱ्याचा खर्च निघायचा. जवळपास निम्मं काम विनाशुल्क आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, दर्जा दोघांनाही तोच. फरक राहिला तर खोलीचा आणि भिंगाच्या प्रकाराचा.

शहरात नाव झालं, रांगा लागल्या. त्या रांगेत कोण नाही, हे तपासल्यावर खेड्यातला म्हातारा आणि त्याहून जास्त म्हातारी दिसेना. ऑपरेशन फुकट असलं तरी येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि परक्या शहराची भीती यांचा खर्च कुणी भरत नव्हतं. त्यामुळं दवाखानाच तिकडं न्यावा, असं ठरलं. पहिली निवड झाली ती राजधानीपासून दूर, सीमेवरच्या मुधोळची.

खेड्यात ऑपरेशन थिएटर

मुधोळला जे उभं राहिलं ते शिबिराच्या नेमकं उलट होतं. कायमची इमारत, कायमचं निर्जंतुक थिएटर, वर्षभर उघडी ओपीडी. पाच लाखांच्या आसपास लोकसंख्येसाठी असं एक केंद्र, हे प्रमाण मानलं गेलं. तपासणी, चष्मे, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काचबिंदूचं निदान आणि नंतरची देखरेख इथं. गुंतागुंतीचा रुग्ण हैदराबादला.

सगळ्यात अवघड प्रश्न माणसांचा होता. शहरातला प्रशिक्षित कर्मचारी खेड्यात टिकत नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाला विचारा. इथं वाट वेगळी निवडली. बारावीपर्यंत शिकलेल्या आसपासच्या मुलामुलींना घ्यायचं, संस्थेत शिकवायचं आणि त्यांच्याच भागात परत कामाला लावायचं. ग्रामीण कामाची ही जबाबदारी पेलायला संस्थेनं 1998 मध्ये स्वतंत्र विभागच काढला. थिएटरमधली मदतनीस, चष्म्याचा नंबर काढणारा, रुग्णाशी बोलणारी समुपदेशक ही सगळी त्याच मुलखातली. घाबरलेल्या आजीला ‘काही होत नाही गं माय, वीस मिनिटाचं काम हाय’ असं तिच्या बोलीत सांगणारं माणूस दारातच असेल, तर निम्मं काम तिथंच होतं.

गावोगावची पाहणी

केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, 1996 मध्ये, संस्थेनं एक मोठी पाहणी हाती घेतली. 2000 पर्यंत चाललेल्या या आंध्र प्रदेश नेत्ररोग अभ्यासात हैदराबाद शहराबरोबर पश्चिम गोदावरी, महबूबनगर आणि आदिलाबाद या जिल्ह्यांचे भाग होते. 10,293 जणांचे डोळे सविस्तर तपासले गेले. 1.84 टक्के लोक अंध निघाले. त्यातलं 44 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळं होतं आणि 16 टक्क्यांवर निव्वळ नंबरचा चष्मा नसल्यामुळं. म्हणजे दर पाचातले तीन अंध लहानशा ऑपरेशननं किंवा चष्म्यानं पाहू शकले असते.

काचबिंदूचा वाटा होता 8 टक्क्यांच्या जरा वर. आकडा लहान दिसतो, पण तो न भरून येणारा आहे. शिवाय शहरातल्या पाहणीत उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्या दर दहांपैकी नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. बॅटरीच्या उजेडात मोतीबिंदू दिसतो, काचबिंदू दिसत नाही. त्यासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो, मागची नस पाहावी लागते, कोन तपासावा लागतो, आणि हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. अशा कामाला वर्षभर चालणारा दवाखानाच हवा, हे या पाहणीनं आकड्यांत दाखवून दिलं. 2012 ते 2016 च्या दरम्यान ग्रामीण भागातल्या त्याच लोकांना पुन्हा शोधून तपासलं गेलं.

ऑपरेशन एका दिवसावर आलं

मुधोळचं केंद्र अगदी योग्य वेळी निघालं. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये 1949 साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं, पण आयात भिंग आपल्या खेड्याला परवडण्यासारखं नव्हतं. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ‘ऑरोलॅब’नं भिंगं इथंच बनवायला घेतली आणि किंमत एकदम खाली आली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता आणि आंध्रही. दीड कोटीहून जास्त ऑपरेशनं झाली, आणि शाळा-धर्मशाळांतून ती कायमच्या थिएटरमध्ये आली. शिबिर तपासणीपुरतं उरलं.

पद्धतही बदलली. आता भिंगाची पिशवी जागेवर ठेवून आतला मोतीबिंदू तेवढा काढतात आणि त्याच पिशवीत नवं भिंग बसवतात. खेड्यात सर्वात उपयोगी ठरली ती लहान छेदाची बिनटाक्याची पद्धत. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा. आतल्या दाबानं तो आपोआप मिटतो. महागडं यंत्र लागत नाही आणि दगडासारखा कडक मोतीबिंदूही निघतो. या पद्धतीचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते लातूर जिल्ह्यातल्या, रेणापूर तालुक्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळं. 1994 पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी केलेल्या ऑपरेशनांची गिनती लाखाच्या पुढं गेली. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी पद्धत फेको. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ती काढली. अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींच्या सुईनं मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेलं भिंग आत सोडतात. आपल्याकडे लोक यालाच ‘लेझरनं काढला’ म्हणतात. खरं तर यात लेझर नसतो. लेझरनं सुरुवातीचे छेद देणारं यंत्र वेगळं, ते फार थोड्या शहरी दवाखान्यांत आहे आणि त्याच्यावाचून कुणाची दृष्टी अडत नाही.

दोन्ही पद्धतींत भूल डोळ्यापुरतीच : थेंबांची किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनची. दहा-वीस मिनिटांत काम होतं. तासाभरानं चहा-बिस्किट, काळा चष्मा आणि घर. खेड्यात मात्र ‘त्याच दिवशी घरी’ या शब्दांना एक अट असते. दुसऱ्या दिवशी डोळा तपासावा लागतो, आणि संध्याकाळची शेवटची एसटी गेली की सकाळी परत येणं होत नाही. लांबच्या रुग्णाला रात्रभर ठेवून घेण्याची सोय किंवा घरून आणणारी गाडी असेल तरच हे एका दिवसाचं ऑपरेशन खेड्यात चालतं. दवाखाना तालुक्यातच असण्याचा फायदा इथं कळतो.

‘पिकू द्या’ची किंमत

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन वेगळे आजार. पण खेड्यात ते एकमेकांत गुंततात, आणि त्याला कारण होते आपलीच एक जुनी सवय. ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळात बरोबर होता. आज तो घातक आहे. जास्त पिकलेला मोतीबिंदू फुगतो आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतो, किंवा त्यातला द्राव पाझरून ती वाट बंद करतो. मोरी तुंबावी तसा दाब एकदम वाढतो. डोळा लालबुंद, डोकं फुटेल अशी कळ, उलट्या. अशा रुग्णाला बऱ्याचदा आधी पित्ताची गोळी दिली जाते. दोन-चार दिवस गेले की नस कायमची जाते आणि मग मोतीबिंदू कितीही सफाईनं काढला तरी उजेड परतत नाही.

लेझरचा खरा उपयोग इथं सुरू होतो. डोळ्यातला कोन अरुंद असेल तर रंगीत पडद्याच्या कडेला याग लेझरनं टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्र पाडतात. पाण्याला दुसरी वाट मिळते. थेंबाची भूल, खुर्चीवर बसून पाच-दहा मिनिटं, जखम नाही, पट्टी नाही. आशियाई लोकांत बंद कोनाचा काचबिंदू जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे हे छिद्र फार मोलाचं. ते सगळ्यांना पाडायची मात्र गरज नसते. चीनमधल्या ग्वांगझूच्या अभ्यासानं 2019 मध्ये दाखवलं, की नुसता कोन अरुंद असलेल्या बहुतेकांना धोका कमीच असतो. कुणाला पाडायचं हे कोन नीट तपासून ठरतं.

कोन उघडा असेल तर पाणी निचरणाऱ्या जाळीवर हलक्या लेझरचे ठिपके देतात. याला एसएलटी म्हणतात. पूर्वी हा थेंबांनंतरचा उपाय मानला जाई. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 718 रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीलाच हा लेझर दिलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षं थेंबांशिवाय काबूत राहिला. ज्या घरात महिन्याची औषधाची बाटली संपली की पुढची आठवडी बाजाराच्या दिवशीच येते, तिथं थेंब चुकणं रोजचं आहे. त्या घराला हा निष्कर्ष ब्रिटनपेक्षा जास्त लागू पडतो. तरीही काही वर्षांनी याचा परिणाम ओसरतो आणि पुन्हा तपासावं लागतं. थेंब आणि लेझर दोन्ही अपुरे पडले तर पाण्याला नवी वाट काढून देणारं ऑपरेशन करतात, गरज असल्यास मोतीबिंदूच्याच बैठकीत.

‘मोतीबिंदू परत आला’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा विषय याहून सोपा. मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागची पिशवी धूसर होते. याग लेझरनं तिच्यात खिडकी पाडली की त्याच दिवशी स्वच्छ दिसू लागतं.

केंद्राच्या अंगणाबाहेर

पाच लाखांना एक केंद्रही पुरत नाही, हे पुढं लक्षात आलं. मग खालची पायरी आली : पन्नास हजार लोकसंख्येला एक दृष्टीकेंद्र. एक-दोन खोल्या, तपासणीचं यंत्र, चष्म्याची सोय आणि वर्षभराचं प्रशिक्षण घेतलेला गावचाच तंत्रज्ञ. अशी दहा केंद्रं एका दुय्यम केंद्राला जोडायची. त्याखाली पाच हजार वस्तीला एक दृष्टीरक्षक, वर पन्नास लाखांना मोठं रुग्णालय आणि सर्वात वर पाच कोटींना हैदराबादसारखी संस्था. मुधोळ या मनोऱ्यातली मधली पायरी. ती आधी बांधली गेली, वरची-खालची रचना तिच्या अनुभवावर ठरत गेली.

सीमेची अडचण मात्र सुटलेली नाही. तेलंगण सरकारनं 15 ऑगस्ट 2018 ला ‘कंटी वेलुगु’ ही गावोगावच्या डोळे तपासणीची मोहीम काढली. ती तेलंगणच्या रहिवाशांसाठी. महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर. मुधोळचा म्हातारा आणि त्याची धर्माबादला दिलेली बहीण एकाच आजाराचे, पण दोघांची कार्डं वेगवेगळ्या राज्यांची. धर्मादाय संस्थेच्या दारात कार्ड विचारण्याआधी डोळा पाहिला जातो, म्हणून तिची गरज सीमेवर जास्त.

आपला हिशोब

नांदेड-लातूर मोकळे बसलेले नाहीत. लातूरचं विवेकानंद रुग्णालय 1966 पासून आहे. नांदेडला 1988 मध्ये, लातूरला 2002 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. उदगीरच्या लायन्स नेत्ररुग्णालयानं सीमाभागातल्या रुग्णांचा मोठा भार उचलला आहे. दोन्ही शहरांतल्या खासगी दवाखान्यांत फेको आणि लेझर आता रोजचे झालेत. वरच्या पायऱ्या आहेत.

मुधोळचं प्रमाण इथं लावून पाहिलं तर उणीव कुठं ते कळतं. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 61 हजार, लातूरची 24 लाख 54 हजार. दोन्ही मिळून 58 लाख. पाच लाखांना एक म्हटलं तर मुधोळसारखी बारा केंद्रं हवीत, आणि पन्नास हजारांना एक म्हटलं तर एकशे सोळा दृष्टीकेंद्रं. इमारती नव्यानं बांधायची गरज प्रत्येक ठिकाणी नाही. ग्रामीण रुग्णालयं आहेत, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचं पद आहे. त्या खोलीत दाब मोजायचं यंत्र चालू स्थितीत आणि ते वापरणारा माणूस वर्षभर जागेवर, एवढं जमलं तरी काचबिंदूचे रुग्ण वेळेत सापडतील.

2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा 66 टक्के आणि काचबिंदूचा साडेपाच टक्के निघाला. मोतीबिंदूचा आकडा मोहिमा काढून खाली आणता येतो; 2017 मध्ये महाराष्ट्रानं तशी मोहीम हाती घेतलीही होती. काचबिंदूचा आकडा मोहिमेला दाद देत नाही. त्याला चाळिशीनंतर ठरावीक काळानं डोळ्याचा दाब आणि नस तपासणारं, घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावंडांनाही बोलावून घेणारं, आणि तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन करणारं ठिकाण लागतं. मुधोळनं 1996 पासून तालुक्याच्या गावी असं ठिकाण चालवून दाखवलं आहे. एकेकाळी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गावाचा हा अनुभव उरलेल्या तालुक्यांत आणायला कुठल्याही सीमेची आडकाठी नाही.